जखम भरून येण्याचं समीकरण

वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सात वर्षं गणित शिकवलं. सकाळी साडेसहाला वारजेहून स्कूटर काढायची, अख्खं शहर आडवं ओलांडायचं, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विकलन समीकरणं शिकवायची, पेपर तपासायचे आणि परत यायचं. नोकरी कायम होती. मुलं बरी होती. पण सात वर्षांत मी असं एकही गणित सोडवलं नव्हतं, ज्याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं नव्हतं. एका दुपारी स्टाफरूममध्ये मी एका संशोधन संस्थेची जाहिरात वाचली. पोस्टडॉकची जागा, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करण्याची. विषय होता, सजीव पेशींच्या हालचालींचं गणिती मॉडेल. एक वर्षाचा करार, काम पाहून मुदतवाढ. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि वयाची अट मला जेमतेम आत घेत होती.

शेजारच्या टेबलावरचे सहकारी वाकून वाचत होते. म्हणाले, "मॅडम, लोक पोस्टडॉक करून नोकरीला लागतात. आपण उलट्या क्रमानं निघालात."

मुलाखतीला पाच जण होते. ज्यांच्या प्रयोगशाळेत जागा होती ते सर मधोमध बसले होते. जीवशास्त्रज्ञ, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं, "पेशी कधी पाहिल्यात?"

"पुस्तकात."

"कुठल्या रंगाच्या असतात?"

"पुस्तकात तरी गुलाबी."

"खऱ्या पेशींना रंग नसतो. असो. मग आम्ही आपल्याला का घ्यावं?"

मला राग आला होता. मी म्हटलं, "सर, जाहिरातीत गणित यायला हवं असं लिहिलंय. पेशी यायला हव्यात असं नाही."

एक जण हसले. सर हसले नाहीत, पण त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं.

घरी मी आणि आई, दोघीच. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती; निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमचं घर मूळचं नागपूरकडचं, आणि इतकी वर्षं पुण्यात काढूनही तिकडचा एखादा शब्द तिच्या बोलण्यात येतोच. ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं.

"कायमची नोकरी काहून सोडतेस?"

"मला हे करायचंय, आई."

"आणि हे कितीक दिवसांचं?"

"एका वर्षाचं. काम दिसलं तर वाढवतात."

तिनं जुडी निवडून संपवली. मग ताट उचलताना म्हणाली, "मग काम दिसू दे."

प्रयोगशाळेत प्रश्न होता तो जखमेचा. काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या बशीत त्वचेच्या पेशींचा एक पातळ, सलग थर वाढवायचा. मग बारीक टोकानं त्यात मधोमध एक सरळ ओरखडा काढायचा. दोन्ही काठांच्या पेशी मोकळ्या जागेकडे सरकू लागतात आणि साधारण दिवसभरात ओरखडा बुजतो. सूक्ष्मदर्शकाला लावलेला कॅमेरा दर दहा मिनिटांनी फोटो काढतो. माझं काम असं, की काठ किती वेगानं सरकतो ते सांगणारं समीकरण लिहायचं.

ते मला आठवडाभरात सुचलं, आणि त्याचा मला अभिमानही वाटला. दोनच गोष्टी धरल्या होत्या. पेशी दाटीकडून मोकळ्या जागेकडे पसरतात, जशी पाण्यात शाई पसरते. आणि पेशी विभागून एकीच्या दोन होतात. दोन आकडे थोडे पुढेमागे केले, की माझ्या समीकरणाची रेघ प्रयोगाच्या ठिपक्यांवरून अचूक जाई. सहा महिने मी ते घासूनपुसून नीट केलं. दर सोमवारच्या बैठकीत आलेख दाखवायचे. सर पाहायचे आणि "छान बसतंय" म्हणायचे. आता वाटतं, त्यांच्या त्या "छान"मध्ये थोडी शंका होती. मला तेव्हा ती ऐकायची नव्हती.

सातव्या महिन्यात सरांनी एक प्रयोग करायला सांगितला. पेशींचं विभाजन थांबवणारं औषध घालायचं आणि मग ओरखडा काढायचा. माझ्या मॉडेलनुसार जखम भरायला दुपटीहून जास्त वेळ लागायला हवा होता. प्रयोग केला तो लॅबमधल्या काकांनी.

काकांबद्दल सांगायला हवं. ते लॅब असिस्टंट. वाघोलीच्याही पलीकडच्या एका गावातून यायचे. निवृत्तीला तीनेक वर्षं उरलेली. तिथल्या सगळ्या पेशींना वेळच्या वेळी खाऊ घालणं, त्यांची दाटी झाली की दुसऱ्या बाटलीत वाटून ठेवणं, हे काम ते पंचवीस वर्षं करत होते. शिक्षण दहावी. त्यांच्या हातानं काढलेला ओरखडा पट्टीनं आखल्यासारखा यायचा.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, ती जखम भरली."

"कुठली? औषधाची?"

"व्हय. औषधाची आन् बिनऔषधाची, दोन्ही. तासाभराचा फरक हाय."

मी म्हटलं, औषध लागू पडलं नसेल. काका म्हणाले, बघा की मग. सरांच्या एका विद्यार्थिनीनं तपासून दिलं. विभाजन पूर्ण थांबलं होतं. मी म्हटलं, पुन्हा करू. काकांनी पुन्हा केला, मग तिसऱ्यांदा केला. तिन्ही वेळा जखम आपली जवळजवळ ठरल्या वेळेला भरली. माझ्या समीकरणातला अर्धा भाग तिला लागतच नव्हता.

सोमवारी बैठकीत मी तो आलेख लावला. माझी रेघ एकीकडे, ठिपके दुसरीकडे. मग सर म्हणाले, "आपलं समीकरण चुकलंय, की पेशी चुकल्यात?"

"समीकरण, सर."

"बरं झालं. पेशींना समजावणं अवघड गेलं असतं."

सगळे हसले. मीही हसले. नंतर बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं उभी राहिले. करारातले पाच महिने उरले होते आणि दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. वाघोलीत माझ्या जागी दुसरी शिक्षिका आली होती. एक मार्ग दिसत होता. समीकरणात तिसरा आकडा घालायचा आणि रेघ पुन्हा ठिपक्यांवर बसवायची. ते मला दुपारभरात जमलं असतं. त्या दुपारी मी कागदावर तो आकडा लिहिलाही. मग विचार केला, याचा अर्थ काय? या आकड्याला पेशीत काय म्हणतात? मी कागद फाडला.

मी काकांकडे गेले आणि आजवरच्या सगळ्या प्रयोगांचे फोटो मागितले. सहा महिने मी फक्त त्यांतून काढलेले आकडे वापरत होते. पेशी धड पाहिल्याच नव्हत्या. मुलाखतीतला सरांचा प्रश्न योग्यच होता, हे तेव्हा पटलं.

दोन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. पडद्यावर एक फोटो लावायचा, वीस पेशी निवडायच्या, प्रत्येकीवर ठिपका ठेवायचा. मग पुढचा फोटो, पुन्हा वीस ठिपके. हे करणारी संगणक प्रणाली असते, पण ती एकमेकींना चिकटलेल्या पेशींत गोंधळायची. हातानंच करावं लागलं. डोळे दुखायचे. मानेला पट्टा लावला. चौथ्या-पाचव्या दिवशी एक गोष्ट दिसायला लागली. काठावरची पेशी पुढे सरकली, की थोड्या वेळानं तिच्या मागची सरके, मग तिच्या मागची. पाण्यातली शाई अशी पसरत नाही. एकटी पेशी कुठे जातच नव्हती. अख्खा थर ओढला जात होता.

त्या आठवड्यात आईच्या हाताला इस्त्रीचा चटका बसला होता. मी ड्रेसिंग बदलत होते, आणि गॉझ जरा झटक्यात ओढलं. आई ओरडली, "हळू! पापुद्रा निघेल."

मी सॉरी म्हणून ते पाण्यानं भिजवलं. ती शांत झाल्यावर बोलू लागली. "वॉर्डात नव्या पोरींना मी हेच शिकवायची. जखमेवर नवी कातडी येते ना, ती काठाकडून येते, आणि एक संबंध पापुद्रा असतो. ओढलीस तर अख्खी निघून येते. दाणे-दाणे नाही निघत."

"म्हणजे आपसात चिकटून असते?"

"चिकटून नसती तर अंगावर राहिली असती का?" आई म्हणाली. तिला माझ्या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं होतं.

ही गोष्ट मला फोटोंत दिसलीच होती, त्यामुळे शोध आईनं लावला असं मी म्हणणार नाही. पण तोवर मी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नव्हते. त्या दिवशी ठेवला. सहा महिन्यांचं काम मी एका फोल्डरमध्ये टाकलं, त्याला 'जुनं' असं नाव दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

नव्या मॉडेलमध्ये प्रत्येक पेशी वेगळी होती आणि शेजारणींना स्प्रिंगनं बांधलेली होती. काठावरच्या पेशींना पुढे जाण्याची ओढ. मागच्या त्यांच्यामागे खेचल्या जाणार. विभाजन हवं तर घाला, नको तर काढा. सात आठवडे लागले. विभाजन काढून चालवलं, तेव्हा जखम प्रयोगाइतक्याच वेळात भरली, आणि त्यासाठी मला एकही आकडा ओढूनताणून बसवावा लागला नाही.

आता पुढची पायरी. मॉडेल खरं असेल, तर त्यानं अजून न झालेल्या प्रयोगाचं उत्तर आधी सांगायला हवं. मी स्प्रिंग थोड्या सैल केल्या. मॉडेल म्हणालं, जखम लवकर भरेल, कारण पेशी मोकळ्या होतील. आणखी खूप सैल केल्या. मॉडेल म्हणालं, आता काठ तुटेल, पुढच्या पेशी एकट्या भरकटतील, मध्ये भोकं पडतील आणि जखम उशिरा भरेल. प्रत्यक्षात हे करता येतं. पेशी एकमेकींना धरतात ते कॅल्शियमच्या मदतीनं. त्यांच्या खाद्यातलं कॅल्शियम कमी केलं, की पकड सैल होते.

मी सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला.

"चांगलं आहे. प्रयोग कोण करणार? माझे विद्यार्थी आपापल्या प्रबंधांत गळ्यापर्यंत बुडालेत. काकांवर चार जणांचं काम आहे."

"मी करते."

"आपण?"

"शिकेन, सर."

"अहो, आपला करार अडीच महिन्यांत संपतोय. पेशी सांभाळायला शिकण्यातच दोन जातात."

"मग आजच सुरू करायला हवं."

त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "काकांना विचारा. ते हो म्हणाले तर माझी हरकत नाही."

काका इन्क्युबेटर पुसत होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "अंगठी काढा. बांगडी काढा. आधी हात धुवायला शिका."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. ते चेष्टा करत नव्हते. पहिले दोन दिवस मी फक्त हात धुणं, हातमोजे घालणं, बाटलीचं झाकण कुठे आणि कसं धरायचं, एवढंच शिकले. झाकण टेबलावर उपडं ठेवलं की ते काही न बोलता ती बाटली उचलून कचऱ्यात टाकायचे.

माझी पहिली तुकडी बुरशीनं मेली. चौथ्या दिवशी बाटलीत पांढरे तंतू तरंगताना दिसले. दुसरी तुकडीही मेली. तिसऱ्या वेळी मी इतकी सावध होते, की एकेक काम करायला तिप्पट वेळ लावत होते, आणि तेवढ्यात पेशी कोरड्या पडल्या. मी स्टुलावर बसून राहिले. काका बाटल्या मोजत होते.

मी म्हटलं, "काका, मला नाही जमत हो हे."

"मलाबी पैल्या वर्साला नव्हतं जमत."

"माझ्याकडे वर्ष नाहीये."

"मंग रडायला येळ कुठंय?" असं म्हणून त्यांनी एक नवी बाटली माझ्यासमोर ठेवली.

चौथी तुकडी जगली. सकाळी लॅब उघडली की मी आधी तिच्याकडे जायची. बाटलीच्या तळाशी तो पारदर्शक, फरशी बसवल्यासारखा थर दिसला, तेव्हा मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. रंग नव्हताच. सर खरं बोलले होते.

मग ओरखडा. माझी रेघ नागमोडी यायची. काकांनी मला रिकाम्या बशा दिल्या, तळाला शाई लावून. जेवणाची सुट्टी झाली, की मी पंचवीस रेघा ओढायची. ते जाता जाता नुसतं बघायचे. तिसऱ्या आठवड्यात एकदा थांबले आणि म्हणाले, "ही चालंल."

कराराचा शेवटचा महिना लागला तेव्हा मी खरा प्रयोग लावला. कॅल्शियमच्या तीन पातळ्या: नेहमीची, मधली आणि अगदी कमी. प्रत्येकीच्या चार बशा. उत्तर मी आधीच एका कागदावर लिहून, सही करून सरांकडे दिलं होतं, नंतर मला फिरवता येऊ नये म्हणून.

कॅमेऱ्याचं काम संपलं त्या सकाळी काका माझ्या आधी येऊन बसले होते. आम्ही दोघांनी कमी कॅल्शियमच्या बशांचे फोटो आधी चालवले. सुरुवातीला काठ सरळ. मग त्याला दात आले. मग एक पेशी सुटली, एकटीच पुढे गेली, वळली, परत फिरली, कुठेच पोचली नाही. दुसरी सुटली. मागे भोकं पडली. चारही बशांत तेच. जखम दुसऱ्या दिवशीही उघडीच होती.

"तुमी सांगितलं व्हतं तसंच हाय," काका म्हणाले.

मी मधल्या पातळीचे फोटो लावले. इथे जखम लवकर भरायला हवी होती. ती भरली, पण नेहमीच्या पातळीइतक्याच वेळात. एका बशीत तर थोडी उशिरा. मी ते पाच वेळा मोजलं. फरक नव्हता.

सरांनी माझा सही केलेला कागद काढून समोर ठेवला. दोन वाक्यं होती. त्यांनी एकावर बरोबरची खूण केली, दुसऱ्यावर फुली मारली. "अर्धं बरोबर आलं," ते म्हणाले. "गणितवाल्यांकडून माझी अपेक्षा याहून कमी होती. लिहायला घ्या. मधल्या बशांचं तूर्तास बाजूला ठेवू. त्या समजल्या की दुसरा लेख करू."

"नको, सर. त्याही घालू."

"का? संपादक तिथेच बोट ठेवतील."

"ठेवू देत. मी आधी लिहून दिलं होतं. जे चुकलं ते वगळलं, तर जे बरोबर आलं त्याला काय अर्थ राहिला?"

माझा करार वाढवायची शिफारस सरांच्याच हातात होती, हे मला माहीत होतं. त्यांनी तो कागद माझ्याकडे सरकवला आणि ते म्हणाले, "लेख आपल्या नावानं जाणार. आपण ठरवा."

मधल्या बशा लेखात गेल्या. पहिल्या नियतकालिकानं लेख परत केला, आणि कारण नेमकं तेच दिलं. सर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या नियतकालिकानं प्रश्न विचारले, दोन प्रयोग आणखी करायला लावले आणि अखेर लेख घेतला. आभारात मी काकांचं नाव लिहिलं होतं. नंतर विचार केला आणि ते आभारातून काढून लेखकांच्या यादीत घातलं. सर म्हणाले, असं सहसा करत नाहीत. मी म्हटलं, सहसा लॅब असिस्टंट इतकं कामही करत नसतील. त्यांनी मान डोलावली. छापील प्रत मी काकांना दिली, तेव्हा त्यांनी पहिलं पान बराच वेळ धरून ठेवलं आणि विचारलं, "ह्ये मी घरी नेऊ का?"

करार त्याआधीच एका वर्षानं वाढला होता. सरांनी शिफारसपत्रात काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही.

आता माझं दुसरं वर्ष अर्ध्यावर आलंय. वय वाढलं तशा बऱ्याच जागांच्या अटी माझ्यासाठी बंद झाल्यात. यापुढे कायमची नोकरी कुठे मिळेल, मिळेल की नाही, सांगता येत नाही. आई विचारत नाही. शेजारच्या बायकांना मात्र ती सांगते, की माझी मुलगी कातडीचं गणित करते. त्या काय समजतात देव जाणे. मधल्या बशांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मला शंका आहे, की एकमेकींवरची पकड सैल झाल्यावर पेशी खालच्या प्लास्टिकला जास्त घट्ट धरतात, त्यामुळे त्यांना सरकायला जड जातं, आणि मॉडेलमध्ये मी तळ विचारात घेतलाच नव्हता. खरं असेल तर तळ बदलून पाहावा लागेल: मऊ, मध्यम, कडक. म्हणजे नवे प्रयोग, नव्या बशा. काकांना मी कालच सांगितलं. ते म्हणाले, सोमवारपासून लागू या, पण मऊ तळावर ओरखडा काढायला हात आणखी हलका लागंल. मी रिकाम्या बशा मागवल्यात.